बेळगावातून स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट घ्यायला कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की राहायला खानापूर, वय २७, विहिरीत चांगलं पोहता येतं, समुद्रात अजून उतरला नाहीत, लहानपणी एक कान फुटायचा. चार दिवसांच्या रजेत स्कूबाचं, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेत पाण्याखाली उतरण्याचं, सर्टिफिकेट घ्यायचंय, आणि गोवा, तारकर्ली, मुर्डेश्वर की अंदमान हे ठरत नाहीये.

माझं उत्तर तारकर्ली. आणि चार दिवसांच्या रजेला पाचवा दिवस जोडून घ्या. आता का ते सांगते.

मी येळ्ळूरची. पोहायला शिकले शेतातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आप्पा काठावर उभं करून एवढंच म्हणायचे, "दम धर आणि टाक उडी." तळाची माती मुठीत धरून वर आणून दाखवली, त्या दिवशी पोहणं आलं असं घरात ठरलं. आपल्याकडच्या बहुतेकांचं असंच. पाण्यात शिरायचं म्हटलं की छाती आपोआप भरते आणि श्वास आपोआप कोंडला जातो.

स्कूबाचा पहिला नियम याच्या बरोब्बर उलटा आहे. श्वास कधीही कोंडायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. विहिरीत बुडी मारताना आपण वरची हवा छातीत घेऊन जातो, ती खाली दबते आणि वर येताना होती तेवढी होते, त्यामुळे काही बिघडत नाही. सिलिंडरमधून मात्र आपण त्या खोलीच्या दाबाची हवा ओढतो. १० मीटरवर छातीभर घेतलेला श्वास तसाच कोंडून वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते, आणि फुफ्फुसात तेवढी जागा नसते. इजा व्हायला १० मीटरही लागत नाहीत, दीड-दोन मीटर पुरतात. म्हणजे घाबरून एकदम वर यायला पोहण्याच्या तलावाची खोलीसुद्धा धोक्याचीच.

म्हणून तुमच्या-माझ्यासारख्या विहिरीत शिकलेल्या माणसाने जागा निवडताना समुद्र किती निळा आहे हे दुसऱ्या नंबरला ठेवावं. ही वीस वर्षांची सवय स्थिर पाण्यात, न घाई करता कोण मोडून देणार, हे आधी बघावं.

मी हे उशिरा शिकले. पहिल्यांदा गोव्याला गेले तेव्हा किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे पैसे भरले. बोटीवर दहा मिनिटं समजावलं, जाकीट चढवलं, आणि एकाने मागून सिलिंडर धरून मला चार-पाच मीटर खाली नेलं. कान ठणकायला लागला. मी अंगठा खाली करून कान दाखवला, त्याला वाटलं मी आणखी खाली जायचं म्हणतेय. (पाण्याखाली अंगठा खाली म्हणजे 'खाली चला', अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. दुखत असेल तर हात आडवा हलवून दुखऱ्या जागेकडे बोट करायचं. हे मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.) वर आल्यावर छापील कागद दिला, त्यावर माझं नाव, फोटो. मी तो घरी फ्रेम करून लावला. वर्षभराने कळलं की त्या कागदावर कुठेही डाइव्ह करता येत नाही. तो नुसता अनुभवाचा कागद होता.

हा फरक आधी डोक्यात पक्का बसवा, कारण जाहिरातीत दोन्हीला 'स्कूबा' असंच म्हणतात. प्रशिक्षकाचा हात धरून एकदा उतरणं वेगळं, आणि ओपन वॉटर डाइव्हर हा कोर्स वेगळा. कोर्समध्ये थिअरी असते, लेखी परीक्षा असते, बंदिस्त पाण्यात पाच सत्रं, मग समुद्रात चार डाइव्ह, ते किमान दोन दिवसांत मिळून. पोहण्याची चाचणी असते: २०० मीटर सलग, वेळेची मर्यादा नाही, आणि १० मिनिटं पाण्यावर नुसतं तरंगायचं. विहिरीत पोहणाऱ्याला तरंगणं सोपं जातं, पण २०० मीटर सलग म्हणजे विहिरीच्या किती फेऱ्या ते मोजून बघा! जायच्या आधी महिनाभर बेळगावात गोवावेसच्या तलावात जा, सलग पोहण्याची सवय होईल. सर्टिफिकेटचं कार्ड मिळाल्यावर सोबतीबरोबर १८ मीटरपर्यंत उतरता येतं, जगात कुठेही.

कार्ड देणारी संस्था कुठली, पॅडी की एसएसआय, यावर फार डोकं घालवू नका. पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची, दोघींची या पातळीची कार्डं सगळीकडे चालतात. कार्डावरच्या नावापेक्षा शिकवणाऱ्याकडे बघा. फोनवर स्पष्ट विचारा: मला इन्स्ट्रक्टर शिकवणार की डाइव्हमास्टर (त्याच्या खालच्या पायरीचा)? ओपन वॉटरचं कार्ड फक्त इन्स्ट्रक्टरच देऊ शकतो. त्याचा नंबर मागा आणि संस्थेच्या साइटवर तपासा. तुकडीत किती जण? समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे आठ शिकाऊंची परवानगी असते, पण मी चारच्या वर असेल तर तारीख बदलून मागेन. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, तेही विचारा. या प्रश्नांवर कुणी चिडलं तर तिथे पैसे भरू नका.

आता तारकर्ली. महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था तिथे २०१५ पासून आहे आणि तिचा प्रशिक्षणासाठीच बांधलेला तलाव ८ मीटर खोल आहे. पोहण्याच्या साध्या तलावात तुम्ही उभे राहू शकता, आणि पाय टेकतात हे माहीत असलं की शरीर शिकत नाही. खोल तलावात पाय टेकत नाहीत. आणि तरीही लाट नाही, ओढ नाही, गढूळ नाही.

तिथे शिकताना मला सगळ्यात जड गेलं ते मास्क काढून परत घालणं. तळाशी गुडघे टेकून मास्क काढायचा, डोळे मिटलेले, नाकात पाणी, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारा तोंडातला भाग), श्वास फक्त तोंडाने. पहिल्यांदा मी नाकाने ओढला, ठसका लागला आणि वर उसळले. शिकवणाऱ्या सरांनी जाकिटाचा पट्टा धरून मला थांबवलं, हाताने हळूहळू खुणावत वर आणलं. वर आल्यावर मालवणीत म्हणाले, "ताई, घाय करू नकात. श्वास सोडीत ऱ्हवा." दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. दुपारी पुन्हा. पाचव्यांदा मास्क डोळ्यांवर बसवला, वरची कड दाबली, नाकाने सावकाश फुंकलं, आणि पाण्याची पातळी डोळ्यांसमोरून खाली सरकत गेली. समोर सरांची बोटं गोल जुळलेली दिसली. हे पाच प्रयत्न गोव्याच्या त्या बोटीवर मला कुणी दिले नसते. मागे पुढची तुकडी उभी असते.

आणखी एक गोष्ट म्हणजे भाषा. आपल्याला कन्नडही येतं, हिंदीही येते, पण घाबरलेला माणूस आपल्याच भाषेत ऐकतो. माझी चूक काय होतेय हे मला मराठीत सांगितलं गेलं, त्याचा फार उपयोग झाला.

तारकर्लीची उणी बाजूही सांगते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी बऱ्याचदा हिरवट असतं, काही मीटरपलीकडे दिसत नाही. फोटोत बघितलेलं निळंशार काही मिळणार नाही. पण कमी दिसणाऱ्या पाण्यात सोबत्यावर नजर ठेवायला शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात निवांत असतो. पावसाळ्यात सगळा पश्चिम किनारा बंद असतो, ऑक्टोबर ते मे हंगाम. डिसेंबर ते फेब्रुवारी धरा आणि जायच्या आधी फोन करून तारीख पक्की करा.

गोवा तुम्हाला खानापूर-जांबोटीवरून चोर्ल्याने जवळ पडतं, आणि तिथे चांगले इन्स्ट्रक्टर नक्की आहेत. ग्रँड आयलंडजवळ बुडालेली जुनी जहाजं आहेत, ती कार्ड झाल्यावर बघायला जा. शिकायला गोवा निवडलंत तर एकच अट ठेवा, बंदिस्त पाण्याची सत्रं तलावात झाली पाहिजेत. 'समुद्रातच उथळ जागी करून घेऊ' म्हणाले तर पुढचा दरवाजा बघा.

मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला जातात, बोटीने तास-दीड तास. पाणी कोकणापेक्षा स्वच्छ, खडकांवर प्रवाळ, माशांचे थवे. तिथे उतरणं मला सगळ्यात आवडलं. पण उघड्या समुद्रात बोट हलते, आणि उलट्या करून थकलेल्या माणसाला मास्कचा सराव काय होणार? अंदमान तर अंदमानच, पण सांबऱ्याच्या विमानतळावरून विमानं बदलत, मग बोटीने स्वराज द्वीप, एवढं करून तिथले दोन दिवस तलावातल्या धड्यांत घालवणं मला पटत नाही. यावर एक सोय आहे, बऱ्याच जणांना ती माहीत नसते. थिअरी आणि तलावाचा भाग एकीकडे पुरा करून तिथून रेफरलचा कागद घ्यायचा आणि समुद्रातले चार डाइव्ह दुसरीकडे करायचे. पॅडीचा हा कागद वर्षभर चालतो. पुढच्या वर्षी अंदमानला जायचं नक्की असेल तर तारकर्लीत तलाव आणि अंदमानात समुद्र, हा मार्ग उत्तम. आधी दोन्हीकडे फोन करून ते रेफरल घेतात ना, एवढं विचारा.

खर्च सर्वसाधारणपणे २५ ते ३५ हजारांच्या घरात जातो. त्यात ऑनलाइन थिअरीची फी, साहित्य, बोट आणि कार्ड धरलंय का ते लिहून घ्या. दीड-दोन हजारात 'सर्टिफिकेट' देतो म्हणणारा तुम्हाला माझ्यासारखा फ्रेम करायचा कागद देणार.

आता पाचव्या दिवसाचं. हे फक्त आपल्या भागातल्या लोकांना लागू पडतं, आणि किनाऱ्यावरचा माणूस तुम्ही कुठून आलात हे विचारल्याशिवाय ते सांगणार नाही. डाइव्हनंतर रक्तात आणि मांसात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो श्वासावाटे हळूहळू निघतो. बाहेरचा दाब लवकर कमी झाला तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यासारखे बुडबुडे सुटतात. म्हणून डाइव्हनंतर विमान नको म्हणतात: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास. हा नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. आंबोलीने या, चोर्ल्याने या, घाट चढला की तुम्ही त्या नियमात आलात. म्हणजे शेवटचा डाइव्ह आटपून संध्याकाळी गाडी काढली आणि रात्री जेवायला घरी, हे आपल्याला चालत नाही. सांधे दुखणं, मुंग्या येणं, भलता थकवा असलं काही सुरू झालंच, तर तुम्ही मध्यरात्री घाटात असाल. शेवटच्या रात्री मालवणात मुक्काम करा. सकाळी अकराला डाइव्ह संपला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघा, आंबोलीत धुकं उतरायच्या आत वर पोचता.

राहिला तुमचा कान, आणि सगळ्यात आधी काम तिथेच आहे. चोर्ला उतरताना कानात दडे बसतात ना? तो अख्खा घाट उतरून समुद्राकाठी पोचेपर्यंत हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात पुरतं एक मीटर जायच्या आतच वाढतो. त्यामुळे उतरताना प्रत्येक हातभर अंतराला नाक दाबून हलकेच हवा ढकलून कान मोकळे करावे लागतात, आणि पडद्याला जुनं भोक किंवा व्रण असेल तर हे धोक्याचं होऊ शकतं. कोर्सच्या आधी एक वैद्यकीय अर्ज भरून घेतात. त्यात कान, दमा, फिट, हृदय, ऑपरेशन यांबद्दल प्रश्न असतात, आणि एकाही लागू प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागते. तिथे गेल्यावर रविवारी किनाऱ्यावर डॉक्टर शोधत फिरणं नको, आणि 'नाही'वर खूण करून लपवणं तर अजिबात नको.

अर्ज सेंटरकडून आधीच मागवा, छापून घ्या आणि बेळगावातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घेऊन जा. लहानपणी कान फुटायचा हे सांगा, पडदा तपासून घ्या, दाबाखाली उतरायचंय हेही सांगा. त्यांनी सही केली की मगच ॲडव्हान्स भरा.