भांड्यांच्या दुकानाच्या साइटसाठी रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर की स्वेल्ट?

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्यात मांडवीजवळच्या भांड्यांच्या दुकानाची साइट करायची आहे. वस्तू चारेकशे, भाषा तीन (मराठी, गुजराती, इंग्रजी), शिवाय गल्ल्यावर साठा आणि बिलासाठी एक स्क्रीन. करणारे तुम्ही एकटे. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट यांतलं कोणतं फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) घ्यावं?

एकच नाव सांगता येणार नाही, कारण ही दोन वेगळी कामं आहेत. गिऱ्हाईक पान उघडतं, भाव बघतं आणि जातं. गल्ल्यावरचा स्क्रीन सकाळी उघडला की रात्रीपर्यंत चालू राहतो. त्यामुळे फ्रेमवर्कच्या नावाआधी हे ठरवा, की एचटीएमएल कुठे तयार होणार: आधीच, सर्व्हरवर, की ब्राउझरमध्ये?

गिऱ्हाइकाच्या पानांसाठी माझी कसोटी वॉट्सअ‍ॅपची. कुणी ‘हा कुकर बघ’ म्हणून लिंक पाठवली, की वॉट्सअ‍ॅप पहिल्या एचटीएमएलमधलेच ओपन ग्राफ टॅग (लिंकखालचं नाव आणि फोटो सांगणाऱ्या ओळी) वाचतं, जावास्क्रिप्ट चालवत नाही. व्हीटवर (अ‍ॅप बांधायचं साधन) साधं रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यूचं अ‍ॅप केलंत, तर सगळ्या वस्तूंना इंडेक्स फाइल, म्हणजे पहिलं एचटीएमएल, एकच. मग कुकर, परात, पिंप, सगळ्यांच्या लिंकखाली तेच नाव आणि तोच फोटो. शिवाय साध्या होस्टिंगवर आतलं पान रिफ्रेश केलं की ४०४ (पान सापडत नाही), मग सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये रीराइट (पत्ता वळवायचा नियम) लिहीत बसा.

म्हणून इथे अ‍ॅस्ट्रो घ्या, ते पानं आधीच बनवून ठेवतं. चारशे वस्तू गुणिले तीन भाषा म्हणजे १२०० पानं. बिल्ड केलं की डिस्ट फोल्डरमध्ये तयार फाइली मिळतात, त्या शेअर्ड होस्टिंगवर चढवायच्या, नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवायची गरज नाही. शोधाची चौकट वगैरे हलत्या भागासाठी व्ह्यू किंवा रिअ‍ॅक्टचा कंपोनंट तिथेच बसवता येतो. ‘क्लायंट:व्हिजिबल’ लावलं की त्याची जावास्क्रिप्ट तो भाग नजरेस पडल्यावरच उतरते. भाषा यूआरएलमध्येच ठेवा, कुकीत नको, नाहीतर गुजरातीत पाहिलेलं पान पुढच्याला मराठीत उघडेल. तांब्यापितळेचा भाव वजनावर रोज बदलत असेल, तर मात्र रोजचं बिल्ड जिवावर येतं. तिथे लाराव्हेलचं ब्लेड बरं, ते पान मागितलं की सर्व्हरवर पीएचपीने बनवतं: पीएचपी बहुतेक स्वस्त होस्टिंगवर असतंच. नेक्स्टही (रिअ‍ॅक्टवरचं फ्रेमवर्क) चालेल, पण सर्व्हरवर पान बनवायचं तर नोड लागतं, आणि स्टॅटिक एक्स्पोर्ट केलं तर त्याचं आयतं इमेज ऑप्टिमायझेशन मिळत नाही.

आता गल्ल्याचा स्क्रीन. अँग्युलर बाजूला ठेवा. वाईट नाही; फॉर्म, राउटर, सगळं घरचंच असतं. पण दर सहा महिन्यांनी मोठी आवृत्ती आणि प्रत्येकीला दीड वर्षाचा आधार, हे एकट्या माणसाला आणि एका स्क्रीनला जड जातं. स्वेल्ट लिहायला छान, फक्त उद्या तुम्ही काम सोडलंत तर पुढे कोण बघणार? त्या बाबतीत रिअ‍ॅक्टचा माणूस सगळ्यात सहज मिळतो. शिकायला व्ह्यू सोपं. जुन्या ट्यूटोरियलपासून सावध राहा: क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे नवं अ‍ॅप सुरू करायचं साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये मोडीत काढलं, आणि व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला.

भाषेमुळे येणाऱ्या अडचणी मात्र या तुलनांमध्ये क्वचितच सापडतात. व्ह्यूचं व्ही-मॉडेल (चौकटीतला मजकूर व्हॅल्यूशी जोडणारी सोय), कीबोर्ड शब्द जुळवत असेपर्यंत व्हॅल्यू बदलत नाही. अँड्रॉइडवर जीबोर्डने ‘पातेलं’ टाइप करताना शोधाची यादी ढिम्म हलत नाही, स्पेस दिल्यावर एकदम गाळली जाते. उपाय: व्ही-मॉडेल काढून व्हॅल्यू बांधा आणि इनपुट इव्हेंट स्वतः ऐका. रिअ‍ॅक्टच्या ऑनचेंजला हा त्रास नाही.

दुसरी गोष्ट अंकांची. जावास्क्रिप्टच्या नंबरफॉरमॅटला मराठी लोकेल (भाषेचा कोड) दिलं की भाव देवनागरी अंकांत येतो, गुजराती दिलं तर इंग्रजी अंकांत. दिसायला ठीक, पण ‘१२५०’ हा मजकूर परत नंबर करायला गेलात की नॅन (‘हा आकडा नाही’) मिळतो आणि बिलाची बेरीज बिघडते. आकडा मूळ रूपातच साठवा, दाखवतानाच सजवा. सगळीकडे इंग्रजी अंक हवे असतील तर नंबरिंगसिस्टीम लॅटिन द्या.

रिअ‍ॅक्टमध्ये बिलाच्या ओळींना ‘की’ (key, ओळीची ओळख) म्हणून इंडेक्स (ओळीचा क्रमांक) देऊ नका. नग इनपुटमध्येच राहत असेल, स्टेटमध्ये (रिअ‍ॅक्ट स्वतः जपतं त्या माहितीत) नसेल, तर तिसरी ओळ उडवल्यावर तिच्यात टाइप केलेले ६ नग चौथ्या वस्तूपुढे जाऊन बसतात. रिअ‍ॅक्ट ती ‘की’ बघून ओळ ओळखतं, आणि वरची ओळ गेली की खालच्यांचे इंडेक्स सरकतात. ‘की’ म्हणून वस्तूचा कोड द्या.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स गुजराती, दोन्ही युनिकोड-रेंज (कोणत्या अक्षरांना कोणता फॉन्ट) लावून, म्हणजे लागेल तोच उतरतो. लाइन-हाइट १.५ च्या खाली नको, अरुंद बटणांत रफार आणि उकार कापले जातात.

ठरवण्याआधी वस्तूचं एक पान आणि वीस ओळींचं एक बिल करून पाहा. ब्राउझरच्या ‘व्ह्यू पेज सोर्स’मधून (व्ह्यू फ्रेमवर्क नव्हे) पानाचं मूळ एचटीएमएल उघडा. त्यात वस्तूचं नाव आणि भाव दिसला पाहिजे. मग प्रॉडक्शन बिल्डवर लाइटहाउस (क्रोममधली वेगाची तपासणी) मोबाइल मोडमध्ये चालवा: एलसीपी (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत हवा. जास्त आला, तर फ्रेमवर्क बदलण्याआधी फोटोंची साइज बघा. चकचकीत स्टीलचे कॅमेऱ्यातून थेट चढवलेले चार-चार एमबीचे फोटो असतील, तर कोणतंही फ्रेमवर्क घ्या, पान रखडणारच.