रांगेतल्या जॉबची स्क्रिप्ट बदलली, तर चालते कोणती?

प्रश्न असा आहे: स्लर्मवर (क्लस्टरवरची कामं रांगेत लावून चालवणारी प्रणाली) जॉब टाकला, रांगेत असतानाच स्क्रिप्टमध्ये बदल केले, आता जॉब 'रनिंग' दिसतोय. पण आउटपुट फाइल रिकामी आहे आणि जुनी स्क्रिप्ट चालतेय की नवी, तेही कळत नाही.

चालतेय ती जुनीच. एसबॅच (जॉब रांगेत टाकायची आज्ञा) दिल्याक्षणी स्लर्म स्क्रिप्टची प्रत स्वतःकडे ठेवून घेतं. नंतर तुम्ही होममधल्या फाइलमध्ये काहीही करा, जॉबला त्याचा पत्ता नसतो. खरी गोम पुढे आहे. त्या स्क्रिप्टमधून जो पायथन प्रोग्राम किंवा जी इनपुट फाइल वापरली जाते, तिची प्रत कोणी काढत नाही. जॉब सुरू होऊन तिथपर्यंत पोचेल तेव्हा डिस्कवर जे असेल तेच वाचलं जातं. म्हणजे मेमरीची मागणी जुनी आणि कोड नवा, अशी खिचडी सहज होते.

तेव्हा डायरेक्टरीतल्या फाइलवर विसंबू नका, स्लर्मलाच विचारा. 'एसकंट्रोल राइट बॅच_स्क्रिप्ट', पुढे जॉब आयडी, शेवटी नुसता हायफन. हायफनमुळे स्क्रिप्ट स्क्रीनवर येते, ती पाइपने डिफला दिली की फरक ओळीओळीने समोर. हायफन विसरलात तर चालू डायरेक्टरीत नवी फाइल तयार होते, इतकंच. हे जॉब जिवंत असेपर्यंत. संपल्यावर कंट्रोलर (स्लर्मचा मुख्य प्रोग्राम) त्याला थोड्याच वेळात विसरतो (मूळ सेटिंग ३०० सेकंद). मग जुन्या जॉबच्या नोंदी दाखवणाऱ्या 'एसअ‍ॅक्ट'ला जॉब आयडीसोबत बॅच-स्क्रिप्टचा पर्याय देऊन बघा. तो २१.०८ आवृत्तीपासून आहे, पण अ‍ॅडमिननं स्क्रिप्ट साठवणं चालू ठेवलं असेल तरच उपयोगी. त्यापेक्षा स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'कॅट डॉलर-शून्य' ही ओळ टाकावी. चाललेली स्क्रिप्ट आउटपुटमध्येच छापली जाते, कोणाच्या सेटिंगवर अवलंबून राहावं लागत नाही.

आता रिकामी फाइल. 'एसकंट्रोल शो जॉब'मध्ये एसटीडीआउट, एसटीडीएरर आणि वर्कडिर या तीन ओळी बघा. निम्म्या वेळा माणूस भलतीच फाइल उघडून बसलेला असतो. फाइल तीच असेल तर बहुधा बफरिंग. पायथनचा आउटपुट फाइलमध्ये जात असला की प्रिंट लगेच उतरत नाही, साठून एकदम लिहिला जातो. पुढच्या वेळी पायथनला हायफन-यू द्या. चालू जॉबला ते आता लागू होणार नाही.

मात्र आत डोकावता येतं. 'एसरन'ला जॉब आयडी, ओव्हरलॅप आणि पीटीवाय हे पर्याय देऊन बॅश उघडा, की जॉबच्याच नोडवर (क्लस्टरमधल्या ज्या मशीनवर तो चालतोय तिथे) पोचता. टॉपमध्ये प्रोसेसचा आयडी घ्या आणि 'प्रॉक'खाली त्या आयडीच्या 'एफडी' डायरेक्टरीवर 'एलएस हायफन-एल' चालवा. १ (आउटपुट) आणि २ (एरर) कुठे जोडलेत ते दिसतं, आणि त्याखाली प्रोग्रामनं उघडलेली प्रत्येक फाइल. नोडच्या टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या जागेत) लिहिल्या जाणाऱ्या फाइली अशाच सापडतात. लॉगिन नोडवर टेंप उघडून शोधत बसलात तर काही मिळणार नाही, ती डिस्कच वेगळी.

पुण्यात आयसरच्या परम ब्रह्म या महासंगणकावर स्लर्मच आहे. पीबीएसवरून (स्लर्मसारखीच दुसरी प्रणाली) आलेल्यांसाठी: तिकडे आउटपुट सहसा जॉब संपेपर्यंत नोडवरच राहतो, तेव्हा तिथे आधी फाइल दिसली नाही तरी घाबरायचं कारण नाही.

आणि जॉब 'एसकॅन्सल' करणारच असाल, तर आधी टेंपमधलं हवं ते होममध्ये कॉपी करून घ्या. जॉब संपला की बऱ्याच क्लस्टरवर ती जागा आपोआप पुसली जाते.