झरा, आड की बारव? आणि 'वेसमध्ये' की 'वेशीत'?

सोलापूरच्या जुन्या पेठांतून वारसाफेरी निघते. तिच्यासाठी फलकांचा मजकूर लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : पाण्याच्या जुन्या बांधीव जागेला 'प्राचीन झरा' म्हणावं की 'बारव'? आणि 'बाळीवेसमध्ये' बरोबर की 'बाळीवेशीत'?

झरा हे पाण्याचं नाव आहे, बांधकामाचं नव्हे. पावसाचं पाणी मुरमातून आणि भेगाळ खडकातून खाली उतरतं, घट्ट काळ्या पाषाणाशी अडतं आणि आडवं सरकत फट मिळेल तिथून बाहेर येतं. तो झरा. डोंगराच्या कुशीला तो असतो तसाच विहिरीच्या पोटातही असतो. 'विहिरीला दोन झरे लागले' असं आपण म्हणतो ते त्यामुळेच. चिरेबंदी जागेवर नुसतं 'झरा' लिहिलं तर समोरचं अख्खं बांधकाम बिननावाचं राहतं.

बांधकामाचं नाव ठरतं ते पाण्यापर्यंत पोचायचं कसं यावरून. आड अरुंद असतो, त्याला पायऱ्या नसतात, पोहरा दोराने सोडायचा. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण तिथलीच. विहीर त्याहून रुंद. मोटेची असेल तर काठाला थारोळं (मोटेचं पाणी जिथे ओतलं जातं ती जागा) आणि बैलांची उतरती धाव शोधा, मोडकी का होईना, सापडते. बारवेत मात्र माणूस स्वतः पायऱ्या उतरून पाण्याला हात लावतो. शिल्पग्रंथांनी तर प्रवेश मोजून नावं दिली आहेत : एक असेल तर नंदा, दोन भद्रा, तीन जया, चार विजया. म्हणून आधी चारही बाजू फिरून पाहाव्यात. एक जिना मातीखाली बुजलेला असला की भद्रेची नंदा होते आणि चूक फलकावर कायमची बसते.

पाणी दगडी मुखातून धारेने पडत असेल तर गोमुख किंवा गायमुख म्हणा. तुळजापूरला देवीच्या पायऱ्या उतरताना दोन्ही प्रकार दिसतात : कल्लोळ तीर्थ हे उतरून जायचं कुंड, तर गोमुख तीर्थावर पाणी धारेने अंगावर येतं. सोलापुरातल्या सिद्धेश्वराचं पाणी मात्र तलाव किंवा तळंच. त्याला कुंड म्हणणं शोभत नाही. सोलापुरातल्या कानडी घरांत विहिरीला 'बावी' म्हणतात, ते आपल्या 'बावडी'चं सख्खं भावंडच. दोघींचं मूळ संस्कृत 'वापी'. फलकावर हा शब्द जरूर द्यावा, कारण निम्म्या शेजाऱ्यांच्या तोंडी तोच आहे.

आता वेस. गावाच्या तटाचं दार ते वेस, आणि शब्द स्त्रीलिंगी. प्रत्यय लागताना त्याचं 'वेशी' होतं : बाळीवेशीत, विजापूर वेशीपासून. 'अब्रू वेशीवर टांगणे' म्हणताना कुणी 'वेसवर' म्हणत नाही, मग पत्त्यातच का? तसंच पेठेत, कसब्यात, झऱ्याजवळ. 'विहीर' एकटी असताना दीर्घ, पण 'विहिरीत' म्हटलं की ऱ्हस्व. बारव 'ती', आड 'तो'; 'तो बारव' हे चूकच.

कसबा आणि पेठ एकच समजू नयेत. जुन्या कागदांत साध्या खेड्यामागे 'मौजे' लागतं. बाजार आणि कारभाराचं ठाणं असलेल्या गावामागे 'कसबे'. पेठ ही वसवलेली व्यापारी वस्ती. म्हणून सोलापुरात उत्तर कसबा, दक्षिण कसबा वेगळे आणि साखर पेठ, भवानी पेठ वेगळ्या. 'भुईकोट किल्ला' यात कोट आणि किल्ला एकाच अर्थाचे, तरी रूढ आहे. मथळ्याला 'भुईकोट' पुरे.

एखाद्या बारवेच्या फलकाचा नमुना असा धरा : 'दोन प्रवेशांची बारव (भद्रा). पूर्वेच्या भिंतीत जिवंत झरा. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरू नये, पाणी तिथूनच येतं.'