१९६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये (२८९ व्ही-८ इंजिन) कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचंय, पण बॉनेट उघडल्यावर गाडी जुनीच दिसायला हवी. कसं करू?

थ्रॉटल बॉडी प्रकारचं (इंजेक्टर हवेच्या झडपेच्या भागातच असलेलं) किट घ्या. ते फोर बॅरल कार्ब्युरेटरच्याच जागी बसतं, बऱ्याच किट्सचा ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) त्यातच असतो, आणि वर मूळ एअर क्लीनर ठेवला की फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. बॉनेटला लागत नाही ना, तेवढं आधी मोजा.

खरं काम पेट्रोलच्या बाजूला आहे. जुना मेकॅनिकल पंप जेमतेम ५-६ पीएसआय (दाबाचं एकक) दाब देतो. अशा किट्सना साधारण ५८ लागतो. पंप टाकीच्या आतच बसवा. बाहेर लटकवलेला पंप आवाज करतो, तापतो आणि दिसतोही वाईट. या मस्टँगची टाकी म्हणजे डिकीचा तळच असतो, त्यामुळे आतल्या पंपासकट मिळणारी त्याच मापाची टाकी सरळ बदलता येते. रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) टाका. जुने रबरी पाइप मात्र अजिबात वापरू नका, एवढ्या दाबाला ते फुटतील आणि आग लागेल. मेकॅनिकल पंपाच्या जागी ब्लँकिंग प्लेट (भोक बंद करणारी पट्टी) लावा.

वायरिंगमध्ये मुख्य पॉझिटिव्ह आणि अर्थ थेट बॅटरीवर घ्या. इग्निशनची वायर कॉइलवरून घेऊ नका: तिथे रेझिस्टन्स वायर असते, पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. स्टार्टर फिरतानाही सप्लाय टिकणारी जागा शोधा. रिले डॅशबोर्डखाली लपवा, हार्नेस (वायरींचा जुडगा) स्पार्क प्लगच्या वायरींपासून लांब ठेवा आणि त्यावर काळी कापडी टेप गुंडाळा. प्लॅस्टिकची नालीदार नळी या गाडीत डोळ्याला खुपते.

ऑक्सिजन सेन्सरसाठी एक्झॉस्टला बंग (सेन्सर बसवायची आटे असलेली कडी) वेल्ड करावा लागेलच. तो आडव्या रेषेच्या वर ठेवा, नाहीतर पाणी साचून सेन्सर जातो.