पंखावरची इंजिने: होंडाजेटला बारा वर्षे का लागली?

प्रश्न: छोट्या बिझनेस जेटची दोन्ही इंजिने सहसा शेपटीजवळ धडाला जोडलेली असतात. होंडाजेटची इंजिने पंखांच्या वर का? आणि 2003 साली उडालेले विमान ग्राहकांना मिळायला 2015 का उजाडले?

उत्तर: इंजिने धडाला जोडली, तर त्यांचे वजन आणि जोर पेलणारी भक्कम चौकट धडाच्या आतून न्यावी लागते. एवढ्याशा विमानात ती केबिनची आणि सामानाची जागा खाते. शिवाय इंजिनाची थरथर धडात उतरते. होंडाचे अभियंते मिचिमासा फुजिनो यांनी म्हणून इंजिने पंखातून वर काढलेल्या आधारावर बसवली.

ऐकायला सोपे, पण धोका मोठा. इंजिन चुकीच्या जागी आले की त्याचे आवरण आणि पंख यांच्या फटीत हवेचा वेग फार वाढतो, तीव्र आघातलहर (हवेचा दाब एकदम वाढवणारी लहर) उठते, प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि रोध, म्हणजे हवेचा अडथळा, एकदम चढतो. फुजिनोंच्या अभ्यासात योग्य जागा सापडली ती अशी: आवरणाचे तोंड पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीत सुमारे 75 टक्क्यांवर, आणि आवरणाचा तळ पंखापासून आवरणाच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश उंच. तिथे आवरणापुढे मंदावणारी हवा पंखावरची लहर उलट सौम्य करते. ही जागा थोडीही हलवून चालत नाही, आणि या रचनेचे खरे मर्म तेच आहे. बोइंगच्या वातबोगद्यात ती पडताळून पाहिली गेली. पंखावर एवढे वजन आले की फडफडीची, म्हणजे वेगात पंख आपोआप वाढत्या जोराने थरथरण्याची (फ्लटरची), वेगळी तपासणी ओघाने आलीच.

कल्पना मात्र अगदी कोरी नव्हती. जर्मनीच्या व्हीएफडब्ल्यू-614 या प्रवासी विमानाची इंजिनेही पंखांवर होती. होंडाच्याच एमएच-02 या प्रायोगिक विमानाने 1993 मध्ये, पंखांवरच्या इंजिनांसह, अमेरिकेत उड्डाण केले होते.

आता उशिराबद्दल. डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोत उडाले ते संकल्पना सिद्ध करणारे एकच विमान. विक्रीचा निर्णय 2006 मध्ये जाहीर झाला. त्या पहिल्या विमानात होंडाचे एचएफ-118 इंजिन होते. विक्रीच्या विमानासाठी जनरल इलेक्ट्रिकच्या भागीदारीत सुमारे 2,050 पौंड जोराचे एचएफ-120 तयार झाले. म्हणजे नवे विमान आणि नवे इंजिन, दोन्ही प्रमाणनाच्या, म्हणजे सुरक्षिततेची सरकारी मान्यता मिळण्याच्या, रांगेत. विक्रीच्या रचनेनुसार बांधलेले पहिले विमान डिसेंबर 2010 मध्ये उडाले, पण इंजिनाचे प्रमाणपत्र आले डिसेंबर 2013 मध्ये. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर 2015 मध्ये, अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने विमानाला मान्यता दिली आणि त्याच महिन्यात पहिले विमान ग्राहकाच्या हाती गेले.