सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी कशाला?

प्रश्न : वडिलांना लिव्हर सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) आहे. त्रास काही नाही, एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणीही नॉर्मल. तरी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफीसाठी खानापूरहून बेळगावला जायलाच हवं का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : हो, चुकवू नका. सिरॉसिसमध्ये यकृताचा कॅन्सर होऊ शकतो आणि सुरुवातीला तो दुखत नाही. गाठ लहान असतानाच सापडायला हवी. एसजीपीटीवर विसंबू नका, सिरॉसिसमध्ये तो नॉर्मल असू शकतो. यकृत किती काम करतंय हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) या रक्ततपासण्या सांगतात. प्लेटलेट दीड लाखाखाली असतील तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का हे पाहायला एंडोस्कोपीबद्दल (दुर्बिणीच्या तपासणीबद्दल) डॉक्टरांना विचारा.

सोनोग्राफीला साधारण ६ तास उपाशी राहावं लागतं, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही. पण या आजारात लांबलेला उपास स्नायू झिजवतो. म्हणून झोपताना थोडं खाऊ द्या, सकाळचा पहिला नंबर घ्या आणि भाकरीचा डबा सोबतच न्या.