न्यू जर्सीत अंगणात कॅटमिंट हे निळ्या-जांभळ्या फुलांचं झाड लावावं का? पुदिन्यासारखं सगळीकडे पसरेल का, आणि मांजरी येतील का?

जरूर लावा. मीही न्यू जर्सीतच आहे. इथे हरणं होस्टा हे शोभेचं पानांचं झाड एका रात्रीत फस्त करतात, पण कॅटमिंटच्या उग्र वासामुळे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

पुदिन्याच्या कुळातलं असलं तरी हे जमिनीखालून धावत सुटत नाही. एका जागी गड्डा धरून रुंदावतं. नर्सरीत 'वॉकर्स लो' मागा. २००७ साली अमेरिकेत 'पेरेनियल प्लँट ऑफ द इयर', म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांतलं त्या वर्षीचं मानाचं झाड, ठरलेला वाण आहे. त्याचं बी सहसा रुजत नाही, त्यामुळे रोपं भलतीकडे उगवायची फारशी भीती नाही. मात्र दोन रोपांत अडीच-तीन फूट जागा सोडा. पहिल्या वर्षी वाफा ओकाबोका दिसतो, तरी मध्ये दुसरं काही खुपसू नका.

मांजरी येतात. त्यांना खरं वेड असतं ते याच्याच भाऊबंदातल्या कॅटनिप या झाडाचं, पण नवं, कोवळं रोप दिसलं की त्यावरही लोळण घेतात. लावताना पानं चुरगळली की वास सुटतो आणि आमंत्रण जातं. रोप जोर धरेपर्यंत भोवती काटक्या खोचा किंवा कोंबड्यांची जाळी घाला.

ऊन भरपूर हवं, सहा तास तरी. खत घालूच नका. लाड केले की झाड माजतं आणि मधोमध फाकून आडवं पडतं. आपल्याकडच्या चिकणमातीत थंडीत पाणी साचून मुळं कुजतात, तेव्हा वाफा थोडा उंच करा.

आता खरं काम कात्रीचं. मे-जूनमधला निळा-जांभळा बहर ओसरला की निम्म्याहून जास्त छाटा. फांद्या बाजूला करून पाहिलंत तर बुडाशी करड्या-हिरव्या पानांचे बारीक फुटवे दिसतील. त्यांच्या वर कापायचं. तेव्हा फुलांवर भुंगे आणि मधमाश्या असतातच, म्हणून मी सकाळी लवकर, त्या यायच्या आत उरकते. आठवडाभर झाड बोडकं दिसतं, घरचे हळहळतात. ऑगस्टमध्ये पुन्हा फुलतं. पहिल्या बहराइतकं नाही, पण पुरेसं.

थंडीत वाळलेल्या काड्या तशाच राहू द्या, मार्चअखेर साफ करा. तीन-चार वर्षांनी मधून विरळ झालं की वसंतात फावड्याने गड्डा फोडा आणि कडेचे तुकडे लावा. पुढची रोपं विकत घ्यावी लागत नाहीत.